माउंट होलिओकच्या विद्यार्थिनी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानात, साउथ हॅडली नावाच्या खेड्यात, ८ नोव्हेंबर १८३७ रोजी स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी जे माउंट होलिओक विद्यालय उघडले, त्याच्या इमारतीचे काम त्या दिवशी पुरे झालेले नव्हते. आत सुतारांचे हातोडे चालू होते, विश्वस्तांपैकी एक सद्गृहस्थ गुडघे टेकून स्वतः चटया ठोकीत होते, आणि त्या धांदलीतच दूरदूरच्या शेतवाड्यांवरून आलेल्या सुमारे ऐंशी मुली आपापल्या पेट्या घेऊन दारात उतरत होत्या.

हे विद्यालय मेरी लायन या शिक्षिकेच्या ध्यासातून उभे राहिले. १७९७ मध्ये बकलंड येथील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या आणि बालपणीच पितृछत्र हरपलेल्या या बाईंनी, एक सत्र शिकावे व पुढचे शिकता यावे म्हणून मध्यंतरी शिकवावे, अशा क्रमाने आपले शिक्षण पुरे केले होते. मुलांच्या महाविद्यालयांना सनदा, देणग्या व ग्रंथालये होती. मुलींच्या शाळा मात्र बहुधा खाजगी, आणि चालविणारी व्यक्ती थकली की बंद पडणाऱ्या. हा भेद मोडावयाचा तर विश्वस्तांच्या हाती सोपविलेली कायमची संस्था हवी, हे ओळखून बाई हिरव्या मखमलीची थैली घेऊन गावोगाव वर्गणीसाठी फिरल्या. स्त्रीने एकटीने असे हिंडावे हे कित्येकांना रुचले नाही, तरी १८३६ साली कायदेमंडळाची सनद मिळाली. भोजन, निवास व शिकवणी मिळून वार्षिक साठ डॉलर इतकीच फी त्यांनी ठरविली. स्वतःसाठी वर्षाला दोनशे डॉलरांहून अधिक वेतन त्यांनी घेतले नाही.

साठ डॉलरांत हा जमाखर्च जुळला तो विद्यार्थिनींच्या हातांमुळे. स्वयंपाकपाण्यासाठी नोकरवर्ग न ठेवता प्रत्येक मुलीने रोज सुमारे एक तास घरकाम करावे, अशी तजवीज होती. कोणाकडे पाव भाजणे, कोणाकडे टेबले मांडणे, कोणाकडे झाडलोट, आणि एकदा नेमून दिलेले काम सहसा सत्रभर तेच. येथे मुलींना गृहिणीपद शिकविले जाते अशी समजूत पसरू लागली, तेव्हा ते शिकविणे आईचे काम आहे, विद्यालयाचे नव्हे, असे मेरी लायन यांनी स्पष्ट सांगितले. मला या योजनेचे मोल केवळ काटकसरीत वाटत नाही. साधारण शेतकऱ्याची मुलगी आणि सधन वकिलाची मुलगी एकाच मोरीवर उभ्या राहून बशा विसळीत असल्यामुळे गरिबीची लाज तेथे वाटण्याचे कारणच उरले नाही, आणि धर्मादायावर शिकत असल्याचा सल कोणाच्या मनात राहिला नाही.

अशा वकिलाच्या मुलींपैकीच एक, १८४७ च्या शरदात आलेली सोळा वर्षांची एमिली डिकिन्सन, पुढे अमेरिकेच्या थोर कवींत गणली गेली. तिच्या वाट्याला सुऱ्यांचे काम आले: सकाळी व दुपारी टेबलांच्या पहिल्या रांगेवरील सुऱ्या उचलून न्यावयाच्या आणि रात्री तितक्याच धुऊन पुसावयाच्या. मैत्रिणीला धाडलेल्या पत्रात तिने आपला सारा दिनक्रम नमूद केला आहे. सहाला उठणे, सातला न्याहारी, आठला अभ्यास, नऊला सभागृहात प्रार्थना. सव्वादहाला प्राचीन इतिहास, अकराला पोप या इंग्रज कवीच्या काव्याचा पाठ, बाराला व्यायाम, साडेबाराला जेवण. मग गायन, पियानो, आणि पावणेचारला गटशिक्षिकेपुढे हजेरी. साडेचारला मेरी लायन यांचे उपदेशपर भाषण, सहाला रात्रीचे भोजन, आणि नंतर निजण्याच्या घंटेपर्यंत मौन अभ्यास.

यातली पावणेचारची हजेरी सर्वांत कठीण. उशीर, गैरहजेरी, मौनाच्या वेळी बोलणे, खोलीत पाहुणी घेणे, असली आपली कसूर प्रत्येकीने सर्वांसमक्ष आपल्याच तोंडाने सांगावयाची असे. पहारा ठेवण्यापेक्षा सचोटीवर भिस्त ठेवावी हा त्यातील हेतू उदात्त खरा. परंतु मनाचा कोपरासुद्धा स्वतःचा म्हणून राहू न देणारी ही शिस्त कोवळ्या वयाला फार जड गेली असली पाहिजे, असे मला वाटते. धर्माच्या बाबतीतही तसेच होते. श्रद्धा प्रकट केलेल्या, तिची आशा असलेल्या आणि आशाही नसलेल्या अशा तीन वर्गांत मुलींची गणना होई. एमिली अखेरपर्यंत तिसऱ्या वर्गात राहिली आणि एका वर्षाने घरी परतली. तिच्याही आधी, १८३९ साली, लूसी स्टोन या विद्यार्थिनीने गुलामगिरीविरुद्ध झुंजणारे ‘लिबरेटर’ पत्र वाचनालयात ठेवले, तेही मेरी लायन यांना पसंत पडले नव्हते.

अभ्यासाच्या बाबतीत मात्र मुलगी म्हणून सवलत नव्हती. सोळा वर्षांखालील मुलीस प्रवेश नाही. आलेल्या मुलीची व्याकरण, भूगोल, इतिहास व अंकगणित यांत परीक्षा, आणि १८४७ पर्यंत तीत लॅटिनचीही भर पडलेली. रसायनशास्त्र मेरी लायन स्वतः प्रयोगांसह शिकवीत. शरीररचना हा विषय स्त्रियांपुढे उच्चारणेही अप्रशस्त मानले जाई, त्या काळात तो येथे रीतसर शिकविला गेला, आणि अॅमहर्स्ट महाविद्यालयाचे भूगर्भशास्त्रज्ञ एडवर्ड हिचकॉक व्याख्यानांसाठी येत. वनस्पतिशास्त्राची गोडी तर अशी लागली की, १८५१ ची पदविकाधारक लिडिया शॅटक पुढे त्याच विषयाची तेथील नामांकित अध्यापिका झाली.

या विद्यालयाचा एक धागा थेट आपल्या अहमदनगरास येऊन मिळतो. मेरी लायन यांची भाची अॅबिगेल मूर येथेच शिकली, येथेच अध्यापिका झाली, आणि एबेनेझर बर्जेस या मिशनऱ्याशी विवाह करून नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आली. मराठी शाळांसाठी खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक रचावे या इच्छेतून ज्यांचे लक्ष ‘सूर्यसिद्धान्त’ या संस्कृत ग्रंथाकडे वळले आणि ज्यांच्या नावे त्याचे इंग्रजी भाषांतर १८६० साली प्रसिद्ध झाले, ते हेच बर्जेस. नगरातच सिंथिया फेरार यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात तसे काही करण्याची प्रेरणा मिळाली. फेरारबाई माउंट होलिओकच्या नव्हत्या. परंतु मुलींना शिकविण्याचे व्रत घेऊन न्यू इंग्लंडमधून निघालेल्या ज्या स्त्रिया समुद्र ओलांडीत होत्या, त्यांच्यात साउथ हॅडलीच्या विद्यार्थिनींचा भरणा वर्षानुवर्षे वाढत गेला. त्यांपैकीच फिडेलिया फिस्क १८४३ मध्ये इराणातील उर्मियास गेली व तिने तेथे मुलींची निवासी शाळा चालविली.

मेरी लायन ५ मार्च १८४९ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी निवर्तल्या. १८८८ साली विद्यालयास महाविद्यालयाचा दर्जा मिळाला. २७ सप्टेंबर १८९६ रोजी मूळ इमारत आगीत भस्मसात झाली, आणि सर्वांना एका छपराखाली राखणाऱ्या त्या विस्तीर्ण घराच्या जागी लहान लहान वसतिगृहे बांधण्यात आली; घरकामाची वाटणी मात्र त्यांतही आणखी काही वर्षे चालूच राहिली.