यंत्राबरोबर माहितीपत्रकही हवे

अक्कलकोट हा सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेयेस, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला अवर्षणप्रवण भागातील तालुका. अशा भागात उन्हाळ्यात विंधन विहिरीवरील हातपंपाचे मोल विशेष जाणवते. पंप बंद पडला की घागरी घेऊन दूर जावे लागते. तो लवकर सुरू होणे जसे सुट्या भागांवर अवलंबून असते, तसेच तो खोलावा कसा हे सांगणाऱ्या कागदावरही. यंत्राची माहिती वापरणाऱ्यास उमजेल अशी लिहिण्याच्या कामास तांत्रिक लेखन म्हणतात.

या लेखनाचे महत्त्व सोलापूरच्याच एका पंपाने दाखवून दिले आहे. बिडाचे जुने पंप वारंवार मोडत. जालना येथील सुधारणांपाठोपाठ सोलापुरात पोलादी ‘सोलापूर पंप’ तयार झाला. त्याच्या आधारे १९७० नंतरच्या दशकात युनिसेफच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क-२’ विकसित करण्यात आला आणि भारतीय मानक संस्थेने १९७९ साली त्याचे मानक प्रसिद्ध केले. प्रत्येक भागाचे माप, धातू व तपासणीची रीत कागदावर निश्चित झाल्यामुळे निरनिराळ्या कारखान्यांतील भाग एकमेकांस जुळणे शक्य झाले. एका जिल्ह्यातील कारागिरी देशाच्या उपयोगी पडली, त्यात या लेखी नोंदीचा वाटा मोठा आहे.

परंतु मानक हे कारखान्यासाठी असते. गावातील दुरुस्ती करणाऱ्यासाठी वेगळे पत्रक लागते. त्यात एका वाक्यात एकच कृती असावी व कृतींचा क्रम प्रत्यक्ष कामाप्रमाणे असावा. धोक्याची सूचना कृतीच्या आधी यावी. मार्क-२ पंपाचा सिलिंडर काढताना नळांची संपूर्ण रांग वर घ्यावी लागते. खालचा नळ पकडीत घट्ट धरण्यापूर्वी वरचा सोडला, तर उरलेली रांग विहिरीत पडते. ही सूचना पत्रकाच्या अखेरीस देऊन काय उपयोग? पुढे आलेल्या मार्क-३ पंपात दट्ट्या नळ न काढता वर घेता येतो. म्हणून पंपाचा प्रकार व पत्रकाची तारीख ठळकपणे छापणे अगत्याचे आहे.

एका वस्तूस सर्वत्र एकच नाव द्यावे. एकदा ‘वायसर’ व एकदा ‘चकती’ असे लिहिल्यास वाचणारा दोन वस्तू शोधू लागतो. पारिभाषिक शब्द कार्यालयीन पत्रव्यवहारात योग्यच. पण पाना हाती घेणाऱ्यासाठी रूढ शब्दच वापरणे हिताचे.

अक्कलकोट तालुक्यात अनेक घरांची बोली कन्नड आहे. तेथे मराठी व कन्नड मजकूर एकाच आकृतीभोवती, समान क्रमांकांसह छापला तर दोघांचेही काम होईल. यासाठी दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकांचे साहाय्य घेता येईल.

पत्रक छापण्यापूर्वी ते कधीही पंप न उघडलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावे व जाणकाराच्या देखरेखीखाली तिला काम करू द्यावे. ती जेथे अडखळेल, तेथे दोष वाक्याचा समजून ते बदलावे. तसेच बिघाड, दिनांक व बदललेला भाग यांची नोंद ग्रामपंचायतीने एका वहीत ठेवावी. पुढच्या उन्हाळ्यात पंप उघडणाऱ्यास ही वहीच पहिला मार्गदर्शक ठरेल.