पाट्यांमधली तांबडी पूड

स्वारगेटहून कात्रज आणि खंबाटकीचे घाट ओलांडून साताऱ्याकडे जाणाऱ्या अनेक बसगाड्यांचा भार कमानपाट्यांवर तोललेला असतो, आणि हे पाटे दुरुस्तीसाठी सुटे केले जातात तेव्हा त्यांच्या मधल्या भागात कोकोसारखी बारीक, तांबूस-तपकिरी पूड आढळते. पाहणारा तिला सहज गंज समजतो. परंतु पावसापाण्याने उघड्या पृष्ठभागावर चढणारा गंज आणि घट्ट आवळलेल्या दोन पाट्यांच्या मध्ये तयार होणारी ही पूड यांत मोठा फरक आहे, कारण पहिला पाण्याची खूण असतो, तर दुसरी हालचालीची.

पाट्यांचा जुडगा खोलताना आधी गाडी जॅकवर उचलली जाते, मग आसाला पाटे बांधून ठेवणारे यू-बोल्ट सैल केले जातात आणि शेवटी सर्व पाट्यांमधून आरपार जाणारा सेंटर बोल्ट काढला की एकेक पाटा वेगळा होतो. टोकांकडचा भाग बहुधा गुळगुळीत, चकाकता दिसतो, कारण गाडी खड्ड्यातून जाताना तेथे पाटे एकमेकांवरून मोकळेपणाने सरकतात. यू-बोल्टच्या पकडीखालचा भाग मात्र निराळा असतो. तेथे मुळीच हालचाल नसावी अशीच योजना असते, तरीही प्रत्येक हादऱ्यासरशी पकडीच्या कडेजवळ काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग, इतकी सरक होतच राहते. या सूक्ष्म, पुढेमागे होणाऱ्या घासण्याला अभियांत्रिकीत फ्रेटिंग म्हणतात. १९११ मध्ये इडन, रोझ आणि कनिंगहॅम या इंग्रज संशोधकांना चाचणीयंत्राच्या पकडीत अडकवलेल्या पोलादी नमुन्यांवर अशीच तपकिरी पूड दिसली होती, आणि १९२७ मध्ये टॉमलिन्सन यांनी ती अतिसूक्ष्म सरकण्यातून होते असे प्रयोगांनी दाखवले.

पृष्ठभाग कितीही सपाट वाटला तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे असतात. दाबाखाली ते एकमेकांना चिकटतात, सरकताना तुटतात, तुटलेल्या कणांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑक्साइड बनते, आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तेच कठीण कण पुन्हा धातूला ओरखडत राहतात. झीज एवढ्यावर थांबली असती तर चिंतेचे कारण नव्हते. घासलेल्या पट्ट्याच्या कडेला, जेथे घट्ट चिकटलेला भाग संपतो आणि सरकणारा भाग सुरू होतो, तेथे ताण एकवटतो आणि पृष्ठभागाशी तिरकी अशी केसाहून बारीक चीर जन्म घेते. पुढे पाट्याच्या वाकण्याने पडणारा ताण तिला आत ओढतो आणि ती वळून सरळ जाडीत शिरते. झीज आणि धातूचा शिणवटा यांच्या या संगनमताला फ्रेटिंग फटीग हे नाव आहे, आणि त्यामुळे धातूची सहनशक्ती निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते.

अशा तऱ्हेने तुटलेल्या पाट्याचा छेद उजेडात धरला की सारा इतिहास वाचता येतो. कडेच्या एका बिंदूपासून शिंपल्यावरच्या वलयांसारख्या रेषा पसरत गेलेल्या दिसतात आणि तो भाग मळकट, काहीसा गुळगुळीत असतो. उरलेला भाग मात्र खरखरीत व दाणेदार असतो, कारण तो शेवटच्या एका धक्क्यात तुटलेला असतो. पाटा ‘अचानक’ तुटला असे म्हटले जाते, तेव्हा तो बराच काळ तुटतच आलेला असतो.

पोलादापेक्षा कितीतरी महाग असलेल्या टायटॅनियमची या बाबतीतली स्थिती अधिक नाजूक आहे. ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेली त्याची प्रसिद्ध मिश्रधातू वजनाने हलकी आणि बळकट असते, गंजतही नाही. पण तिचे संरक्षण करणारा ऑक्साइडचा थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि घासण्याने तो फाटला की उघडा पडलेला धातू समोरच्या पृष्ठभागाला चटकन चिकटतो. जेट इंजिनाच्या पात्याचे मूळ चकतीच्या खाचेत जेथे बसते तेथे, तसेच कृत्रिम खुब्याचा गोळा दांड्याच्या निमुळत्या टोकावर जेथे ठोकून बसवतात तेथे, हेच घडते. म्हणून पात्यांच्या मुळांवर बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागात दाब साठवला जातो, ज्यामुळे चिरेला उघडणे अवघड होते, आणि वर तांबे, निकेल व इंडियम यांच्या मिश्रणाचा मऊ लेप दिला जातो.

बसच्या पाट्यांवरही गोळ्यांचा मारा कारखान्यातच झालेला असतो. कार्यशाळेच्या हाती उरते ते यू-बोल्ट योग्य ताकदीने आवळणे आणि नवे पाटे बसवल्यावर गाडी थोडी धावली की पुन्हा एकदा पाना लावणे. हे दुसऱ्यांदा आवळणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे काम आहे, कारण पकड सैल झाली की सरक वाढते. चिरेचा संशय आल्यास रॉकेल लावून, पुसून, वर खडूची भुकटी फासण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी पडते. चिरेत मुरलेले रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवते. मात्र त्याआधी, म्हणजे पाटे धुण्यापूर्वीच, त्यांच्या मधल्या भागावर बॅटरीचा प्रकाश टाकून पूड नेमकी कोठे साचली आहे आणि घासलेल्या पट्ट्याची कड कोठे आहे हे कारागिराने पाहून घ्यावे, त्या जागी खडूने खूण करावी, आणि मगच रॉकेलचा बोळा फिरवावा.