कॅम्प कोणी टाकला आणि उठवणार कोण?

मागच्या महिन्यात गावाकडची मामी एका लग्नासाठी आमच्याकडे आली. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारले, "तीन नंबर की चार नंबर?" मी म्हणालो, "कॅम्प तीन." मामी गप्प बसून राहिली. घरी आल्यावर तिने पक्क्या भिंती पाहिल्या, डोक्यावरचा स्लॅब पाहिला, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हात जोडले आणि मग हळूच विचारले, "का रे बाळा, इतकी वर्सं झाली आन् तुमी अजून क्याम्पातच राहता?"

घरातली सगळी हसली. मला मात्र नंतर हसू येईना. मामीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आहे. कामावर जिथे मजुरांची पाले पडत, त्याला ती मंडळी कॅम्प म्हणत. काम संपले की पाले उठत. कॅम्प म्हणजे आज आहे, उद्या नाही, हा तिच्या अनुभवाचा अर्थ होता. आणि तिचा भाचा तीन पिढ्या कॅम्पात राहतो आहे!

कॅम्प हा शब्द इंग्रजी आहे हे आता आपण विसरून गेलो आहोत. विहारात डोळे तपासण्याचा कॅम्प लागतो. शाळेत जातीच्या दाखल्यांचा कॅम्प लागतो. पुण्याचा माणूस खरेदीला 'कॅम्पात' जातो, त्यालाच जुने लोक लष्कर म्हणत. मोठा अधिकारी दौऱ्यावर असला की त्याच्या पत्राच्या डोक्यावर 'कॅम्प : नागपूर' असे लिहिलेले असते. म्हणजे साहेबाचा कॅम्प प्रतिष्ठेचा आणि मजुराचा कॅम्प लाचारीचा. पैसेवाले लोक धरणाच्या काठी तंबूत झोपण्यासाठी हजारो रुपये मोजतात, त्याला कॅम्पिंग म्हणतात. आणि हाच शब्द हिटलरच्या जर्मनीत यातनातळांनाही लागला, जिथे लाखो ज्यू माणसे ठार मारली गेली. शब्द एकच. पण त्यात स्वतःच्या पायाने गेलेला माणूस वेगळा आणि त्यात डांबलेला माणूस वेगळा.

मराठीने या एका शब्दासाठी किती शब्द वापरावेत? तळ, छावणी, शिबिर, मुक्काम, गोट. दुष्काळात गुरांसाठी चाऱ्याची छावणी, कार्यकर्त्यांसाठी शिबिर आणि पुढाऱ्यांसाठी गोट! या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतल्या 'कॅम्पस' या शब्दात आहे. त्याचा अर्थ मैदान, मोकळी जागा. कॉलेजच्या आवाराला आपण कॅम्पस म्हणतो तो हाच शब्द.

आता आमच्या गावाची गोष्ट. उल्हासनगर हे नाव अलीकडचे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ इंग्रजांनी सैन्याचा तळ उभारला, तो कल्याण कॅम्प. १९४७ ला देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांना रिकाम्या बराकींत उतरवले गेले. लाखाच्या घरात माणसे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे रेल्वे स्टेशन झाले, नगरपालिका झाली, १९९६ ला महानगरपालिका झाली. पण पत्त्यावरून कॅम्प गेला नाही. आजही इथल्या पत्त्यात बराक नंबर आणि सेक्शन नंबर असतो. बराक कधीच पडली, तिच्या जागी इमारत आली, नंबर मात्र फौजेचाच.

सिंधी बांधवांनी कष्टाने हे शहर उभे केले, हे मान्य केलेच पाहिजे. त्याचबरोबर एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्यांचे जे गेले, ते सरकारने 'गेले' असे मान्य केले. १९५४ ला निर्वासितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा केंद्रीय कायदा झाला. बराकीतल्या कुटुंबाला सनद मिळण्याचा रस्ता त्यातून खुला झाला. हे योग्यच झाले. प्रश्न वेगळा आहे. ज्यांना गावाने हजारो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले, ज्यांना विहीर नाही, जमीन नाही, ते निर्वासित नव्हते काय? त्यांच्या नुकसानभरपाईचा कायदा कोणत्या वर्षी झाला? मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेला आपला माणूस याच शहराच्या टेकडीवर आणि नाल्याकाठी राहिला. त्याच्या झोपडीला ना बराक नंबर होता ना सनद. त्याला मिळाली ती कट ऑफ तारीख. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, मग २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. एकाच शहरात एकाच्या हातात सनद आणि दुसऱ्याच्या हातात तारीख!

खरे म्हणजे महारवाडा हाच या देशातला सर्वांत जुना कॅम्प आहे. गावाने टाकलेला आणि गावाने कधीही न उठवलेला. त्यात राहणाऱ्याला मुक्काम हलवायचा अधिकार नव्हता आणि कायमचे राहायचा मानही नव्हता.

या कॅम्पातून पहिली वाट काढली तीही एका कॅम्पानेच. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला, गावकुसाबाहेरच्या झोपडीत नाही. सुभेदार रामजी सकपाळ फौजेतल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. कंपनीच्या फौजेत सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले, आणि त्या दापोलीलाही लोक कॅम्प दापोली म्हणत. छावणीत आपल्या माणसाला अक्षर मिळाले, शिस्त मिळाली, सरकारला अर्ज लिहिण्याची सवय लागली. म्हणूनच १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा या पेन्शनरांनी अर्ज-विनंत्यांची चळवळ केली. पुढे १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांच्या पाठपुराव्यामुळे.

पण छावणीची हद्द संपली की काय होत असे? १९०१ ला लहान भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. वडील दुष्काळी कामावरच्या तलावावर कॅशियर होते. मुलांचे कपडे इतके नीटनेटके होते की मसूर स्टेशनच्या मास्तरला ती ब्राह्मणाची मुले वाटली. जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसायला तयार नव्हता. मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी हे लिहिले आहे. फौजी शिक्षकाचा मुलगा छावणीबाहेर पडला आणि दोन-चार तासांत पुन्हा महारवाड्याच्या कॅम्पात ढकलला गेला. दुसऱ्याने दिलेल्या छावणीतली सवलत छावणीपुरतीच असते, हा धडा बाबासाहेब दहाव्या वर्षी शिकले.

आता शेवटचा आणि अवघड अर्थ. कॅम्प म्हणजे गोट, गट. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षे होतात न होतात तोच दुरुस्त आणि नादुरुस्त असे दोन गोट पडले. त्यानंतर किती पडले ते मोजायला बोटे पुरत नाहीत. आज भेटलेला कार्यकर्ता जयभीम म्हणून झाला की पहिला प्रश्न विचारतो, "तुम्ही कोणाच्या कॅम्पातले?" तुमच्या वस्तीत पाणी येते का, मुलगी किती शिकली, शिष्यवृत्ती मिळाली का, हे प्रश्न नंतर. कधी कधी नाहीच. गावाने टाकलेला कॅम्प उठवण्यासाठी ज्यांनी आयुष्य दिले, त्यांच्या नातवंडांनी आपल्या हातांनी नवे कॅम्प टाकावेत, यासारखे दुर्दैव कोणते? आणि या गोटांतली पाले कोण बांधून देतो? निवडणूक आली की दोरी कोणाच्या हातात असते?

बाबासाहेबांनीही कॅम्प लावले होते, पण कोणते? १९५६ ला त्यांनी मुंबईत राजकारणाचे प्रशिक्षण देणारे विद्यालय सुरू केले. माणूस आत येताना कार्यकर्ता आणि बाहेर जाताना जाणता व्हावा, हा हेतू होता. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरच्या मैदानावर लाखो लोक उतरले. कोणी रेल्वेने आले, कोणी बैलगाडीने, कोणी चालत, भाकरी बांधून. मैदान म्हणजेच कॅम्पस. तिथे कोणी कोणाला डांबले नव्हते. मुक्काम दोन-चार दिवसांचा होता, पण गावाने दिलेला जुना मुक्काम त्या दिवशी कायमचा सुटला.

म्हणून कोणी कॅम्पात बोलावले तर आधी तीन प्रश्न विचारा. हा कॅम्प कोणी टाकला? बाहेर पडायची वाट कोणाच्या हातात आहे? आणि इथून जाताना मी काही शिकून जाणार आहे की फक्त मोजला जाणार आहे? उत्तर नीट मिळाले तर जरूर जा, मुलाबाळांना घेऊन जा.

मामी चार दिवस राहिली. निघताना म्हणाली, "घर चांगलं हाये. कागद केला का?" अजून नाही, म्हणालो. ती म्हणाली, "मग क्याम्पच की रे." तिचे खरे होते. आमच्या वस्तीत या रविवारी घरांच्या कागदांसाठी बैठक आहे. सगळ्या गोटांच्या लोकांना बोलावले आहे. बसायला सतरंजी एकच आहे.