नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी: शुल्क भरण्यापूर्वी तासांचा हिशेब आवश्यक

बंगळुरू : व्हाइटफिल्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी यांसारख्या उद्योगनगरांत नोकरी करणाऱ्या आणि अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करू पाहणाऱ्या प्रौढांसाठी ऑनलाइन महाविद्यालयीन शिक्षण हा सोयीचा मार्ग ठरला आहे. प्रवेश घरबसल्या होतो, शुल्कही हप्त्यांनी भरता येते. मात्र या शिक्षणाला लागणारा वेळ किती, याचा विचार बहुधा पहिली परीक्षा तोंडावर आल्यानंतरच होतो. सत्राची सुरुवात चांगली व्हावी यासाठी हा हिशेब आधी मांडणे महत्त्वाचे असते.

एका श्रेयांकाची किंमत

१९८५मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात (इग्नू) एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास, असे मानले जाते. त्यात वाचन, व्याख्याने, स्वाध्याय लेखन आणि उजळणी या साऱ्यांचा समावेश होतो. या मापाने चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास लागतात. सत्रात असे पाच विषय असतील, तर एकूण ६०० तास होतात. परीक्षेपूर्वीचे २४ आठवडे हाती आहेत असे धरले, तरी आठवड्याला २५ तास अभ्यास करावा लागतो.

आता नोकरदार व्यक्तीचा आठवडा पाहू. सोमवार ते शुक्रवार पहाटे दीड तास आणि शनिवार-रविवारी प्रत्येकी चार तास दिले, तर साडेपंधरा तास होतात. २४ आठवड्यांत हे ३७२ तास भरतात. म्हणजे नियमित अभ्यास करूनही तीनच विषय नीट पूर्ण होतात. उरलेल्या दोन विषयांसाठी झोप, कुटुंबाचा वेळ किंवा अभ्यासाचा दर्जा यांपैकी कशावर तरी पाणी सोडावे लागते. अनेक प्रौढ विद्यार्थी येथेच खचतात आणि दोष आपल्या बुद्धीला किंवा वयाला देतात. प्रत्यक्षात चूक गणिताची असते.

कालमर्यादेतील सवलत

मुक्त विद्यापीठांच्या रचनेत या अडचणीवर उपाय आहे. इग्नूच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी साधारणतः कमाल चार वर्षांची, तर तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सहा वर्षांची मुदत असते. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. त्यामुळे तीन विषय एका परीक्षेला आणि दोन पुढच्या परीक्षेला, अशी विभागणी शक्य होते. इतर विद्यापीठांचे नियम वेगळे असू शकतात. म्हणून कमाल मुदत, राहिलेले विषय पुन्हा देण्याची सोय आणि त्यासाठीचे शुल्क यांची माहिती प्रवेशापूर्वीच घेणे हिताचे ठरते.

मान्यतेची खातरजमा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. मात्र मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि त्या शैक्षणिक सत्रासाठी आहे का, हे आयोगाच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्यूरोच्या संकेतस्थळावर तपासावे लागते. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, विधी आदी शाखांच्या पदव्या ऑनलाइन पद्धतीने देण्यास परवानगी नाही. शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांच्या माध्यमातून मान्यतेविना दिल्या जाणाऱ्या परदेशी पदव्यांबाबत आयोगाने डिसेंबर २०२३मध्ये सावध केले होते.

प्रवेशासाठी आता अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते आणि त्याच्याशी जोडलेला डीईबी आयडी आवश्यक असतो. अनेक वर्षांच्या खंडानंतर शिकणाऱ्यांना येथे एक अडचण हमखास येते. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि आधार कार्डावरील नाव यांत फरक असतो; विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत तर तो बहुधा असतोच. ही दुरुस्ती वेळखाऊ असल्याने ती प्रवेशाच्या अखेरच्या आठवड्यावर ढकलणे महागात पडू शकते.

पहिल्या महिन्यातील कामे

पहिल्या आठवड्यात दिनदर्शिका घेऊन स्वाध्यायांच्या आणि परीक्षेच्या अर्जाच्या तारखा लिहून काढाव्यात. त्याच पानावर कार्यालयातील कामाच्या गर्दीचे आठवडे, मुलांच्या परीक्षा आणि सण नोंदवावेत. जुलैमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात गणेशोत्सव, दसरा आणि दिवाळी येतात. बंगळुरूहून कोल्हापूर, बेळगाव किंवा पुण्याला गावी जाणाऱ्या कुटुंबांचे दोन-तीन आठवडे त्यात सहज जातात. प्रवेशाची मुदतवाढ घेऊन उशिरा दाखल झालेल्यांच्या हाती तर आणखी कमी आठवडे उरतात.

स्वाध्यायांकडे दुर्लक्ष करणे विशेष नुकसानीचे ठरते. आयोगाच्या नियमांनुसार सत्रांतर्गत मूल्यमापनाला कमाल ३० टक्के आणि अंतिम परीक्षेला किमान ७० टक्के भारांश असतो. स्वाध्यायाचे गुण घरी, पुस्तके उघडी ठेवून मिळवता येतात. शिवाय त्या लेखनातून परीक्षेची निम्मी तयारी होऊन जाते.

अभ्यासाची वेळ आणि जागा ठरलेली असणेही उपयुक्त ठरते. ‘वेळ मिळाला की वाचू’ असे म्हणणाऱ्यांना तो सहसा मिळत नाही. ‘पहाटे साडेपाचला, स्वयंपाकघरातील टेबलावर’ असे निश्चित केलेल्यांचा अभ्यास टिकतो. मेट्रोच्या प्रवासात व्याख्यान ऐकता येते, पण टिपणे काढण्यासाठी बैठकच हवी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्मरणशक्तीवरील प्रयोगांत, शिकलेल्या गोष्टींचा मोठा भाग पहिल्या दिवसातच विसरला जातो असे आढळले होते. त्यामुळे रविवारी सलग आठ तास वाचण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी अधिक फलदायी ठरते. पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढणे ही तिची सोपी रीत आहे.

घरच्यांशी बोलणी सत्राच्या आरंभीच व्हायला हवीत. शनिवारी सकाळी स्वयंपाक कोण करणार, मुलांना शिकवणीला कोण सोडणार, हे ठरलेले नसेल, तर वेळापत्रक कागदावरच राहते.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी प्रत्यक्ष झालेल्या अभ्यासाचे तास मोजावेत. ते ठरवलेल्या तासांच्या निम्मेही नसतील, तर एक-दोन विषय पुढील परीक्षेसाठी राखून ठेवण्याचा निर्णय तेव्हाच घ्यावा. परीक्षेचे अर्ज भरण्यापूर्वी घेतलेल्या या निर्णयामुळे शुल्क वाचते आणि उरलेल्या विषयांना पुरेसा वेळ मिळतो.