सायकलचा प्रवासी आपल्या दारात

आज आपण सायकलवरून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहोत. त्याहून जास्त बोलायचं आहे ते ही माणसं ज्या गावांतून जातात, त्या गावांतल्या बायकांविषयी.

आम्ही देवनारच्या. देवनार म्हटलं की मुंबईत लोकांना कचऱ्याचा डोंगर आठवतो नाहीतर कत्तलखाना. पण इथल्या कितीतरी घरांचं मूळ गाव कोकणात आहे. गणपती आणि शिमग्याला आपण ज्या किनाऱ्याकडे एसटीनं जातो, त्याच किनाऱ्यानं हिवाळ्यात मुंबई-पुण्याची मंडळी सायकलवर सामान बांधून जाताना दिसतात. त्यांत तरुण असतात, साठी ओलांडलेले असतात आणि बायकाही असतात. घाई नसते, गाडी नसते, आणि दर दोन तासांनी भूक लागते. आपल्या कामाची गोष्ट इथेच आहे.

आधी वाट समजून घेऊ. देवनारजवळून ईस्टर्न फ्रीवे जातो, पण त्यावर सायकलला मनाई आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही सायकल चालत नाही. म्हणून सायकलवाला चेंबूर, वडाळा, शिवडी असा खालच्या रस्त्यानं पंधराएक किलोमीटर जाऊन माझगावचा भाऊचा धक्का गाठतो. तिथून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते. २०२० पासून सुरू झालेल्या या बोटीत मोटारीसारखीच सायकलही चढते. तासाभरात माणूस रायगड जिल्ह्यात उतरतो आणि शहराची गर्दी मागे पडते.

पुढे अलिबाग, चौल, रेवदंडा. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई, काशीद, मुरूड. मग आगरदांड्याला फेरीबोट, पलीकडे दिघी. तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला पुन्हा फेरीबोट, पलीकडे वेश्वी. आता रत्नागिरी जिल्हा लागला. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे, मग दापोली तालुक्यातलं मुरूड. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव. त्यापुढे दाभोळला तिसरी फेरीबोट आणि धोपाव्याहून गुहागर. गाडीला हे दोन दिवसांचं काम. सामान बांधलेल्या सायकलला पाच दिवस लागतात, म्हणजे वाटेत चार मुक्काम.

इतके दिवस का लागतात? सपाट रस्त्यावर सामानासह सायकल तासाला बारा ते पंधरा किलोमीटर जाते. कोकणात सपाट रस्ता थोडाच. सह्याद्रीतून आलेली नदी दर काही कोसांवर खाडी होऊन समुद्राला मिळते. दोन खाड्यांच्या मध्ये डोंगराची सोंड किंवा कातळाचा सडा. म्हणून रस्ता गावातून उठतो, सड्यावर चढतो आणि पुन्हा खाली पुढच्या गावात उतरतो. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर झाले तरी पुष्कळ. गाव आलं की उतार संपलेला असतो आणि पुढचा चढ समोर असतो. त्यामुळे सायकलवाला थांबतो तो गावातच.

रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल बांधायचं सरकारचं नियोजन आहे. पूल हवेतच. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं तर फेरीबोटीची वाट बघावी लागू नये. पण आज धक्क्यावर बोटीसाठी खोळंबलेली माणसं चहा पितात, वडापाव खातात, कोकम विकत घेतात. पूल झाला की मोटारी थेट निघून जातील. सायकलवाला मात्र पूल झाला तरी थांबणारच, कारण त्याचं इंजीन त्याच्या पोटात आहे. धक्क्यावरच्या धंद्यावर घर चालवणाऱ्या बायकांनी हे आताच ध्यानात घ्यायला हवं.

मग त्याला लागतं काय? पहिलं पाणी. उन्हात चढ चढताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं, आणि घामातून मीठही जातं. नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, कोकम सरबत त्याला जास्त उपयोगी. दुसरं, सकाळी लवकर न्याहारी. ऊन टाळायला तो उजाडताच निघतो. घावणे-चटणी, आंबोळी, पोहे, केळी हे त्याला पुरेसं असतं. बरोबर न्यायला शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की दिली तर तीही विकली जाते. तिसरं, स्वच्छ संडास आणि आतून कडी लागणारी न्हाणी. बायका प्रवाशांसाठी ही पहिली अट असते. संडास नीट नसला की बाई दिवसभर पाणी प्यायचं टाळते आणि मग उन्हात चक्कर येते. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. चौथं, रात्री सायकल ठेवायला पडवी किंवा कुलपाची जागा. पाचवं, हवा भरायचा पंप, पंक्चरची ठिगळं आणि सोल्युशन. हे सगळं सामान काही शे रुपयांत येतं आणि गटाच्या नावानं एका घरी ठेवता येतं.

हॉटेल बांधायची गरज नाही, पण हिशोब पक्का हवा. उदाहरण घेऊ. समजा, चार जण रात्री जेवले आणि सकाळी न्याहारी करून गेले. तांदूळ, मासे किंवा उसळ, नारळ, तेल, गॅस असा खर्च माणशी दीडशे रुपये आला. आपण माणशी तीनशे घेतले, तर चौघांचे सहाशे रुपये उरले. पण दोघी बायका चार-चार तास राबल्या असतील, तर ते सहाशे आठ तासांच्या कामाचे आहेत. तासाला पंचाहत्तर. आपली मजुरी न धरता भाव लावला की धंदा चालल्यासारखा वाटतो आणि बाई दमून जाते. म्हणून आधी मजुरी, मग खर्च, मग भाव. आणि तो भाव पाटीवर लिहायचा, सगळ्यांना एकच.

पाटीची ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८७८ साली सायकलवरून भटकणाऱ्यांनी एक मंडळ काढलं. तिथली खेडी हिरव्या, बुटक्या टेकड्यांची, अरुंद आणि शांत रस्त्यांची. मंडळानं खेड्यातल्या खाणावळी पाहून दर ठरवून घेतले आणि पसंत पडलेल्या घरांवर पंख असलेल्या चाकाची खूण लावली. खूण दिसली की प्रवाशाला भरवसा वाटे आणि घरवालीला गिऱ्हाईक मिळे. पुढे तिथे देशभर सायकलवाटांचं जाळं विणलं गेलं. निळ्या पाट्यांवरचा वाटेचा आकडा बघत आजही माणसं गावोगाव जातात. आपल्या गटाला अशी खूण स्वतः ठरवता येईल. ज्या घरी पाणी, संडास आणि ठरलेला भाव आहे, त्याच घराला ती द्यायची.

पाहुण्याला घरात ठेवणं कोकणाला नवं नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून समुद्री कासवांची अंडी राखण्याचं काम सुरू झालं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ते गावकऱ्यांना बरोबर घेऊन केलं. पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले, तेव्हा गावात लॉज नव्हतं. गावानं आपली घरं उघडली. चुलीशी बाई होती, आणि पैसा त्याच घरात आला.

कागदपत्रंही करून घ्या. पर्यटन विभागाची न्याहारी व निवास योजना आहे, तिच्यात घराची नोंद होते. जेवण विकायचं तर अन्न परवान्याची नोंदणी लागते. २०२३ साली राज्य सरकारनं महिलांसाठी ‘आई’ हे पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटन व्यवसायासाठी बाईनं घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळण्याची सोय आहे. अटी पर्यटन विभागाच्या कार्यालयात विचारा, आणि परताव्याच्या भरवशावर नको तेवढं कर्ज काढू नका. एक खोली, एक संडास आणि दोन गाद्या एवढ्यावर एक हंगाम बघा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

शेवटचं बोलणं आपल्या स्वतःविषयी. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली, आणि हजारो खेडूत बायका सायकलवर बसल्या. पाणी आणणं, मुलाला शाळेत सोडणं, माल बाजारात नेणं, यांसाठी कुणाची वाट बघायची गरज उरली नाही. आपल्याकडेही आठवीपासून मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. शाळा संपली की त्या पडवीत गंजतात, नाहीतर भावाकडे जातात.

ती सायकल पुसून घ्या. बैठक एवढी ठेवा की पायडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ होईल. म्हणजे गुडघे दुखत नाहीत. चाकात हवा नीट भरा, दोन्ही ब्रेक तपासा, ओझं मागे आणि खाली, दोन्ही बाजूंना सारखं बांधा. साडीचा पदर खोचा, नाहीतर सलवार घाला. पहिल्या दिवशी शेजारच्या गावापर्यंत जा. जाताना मोजा, की वाटेत पाणी कुठे मिळालं, सावली कुठे होती, संडास कुठे नव्हता. त्याची यादी गटाच्या पुढच्या बैठकीत मांडा. वाटसरूला काय लागतं ते त्या यादीतून तुम्हाला कळेल, आणि धंद्याची सुरुवात तिथूनच करता येईल.