आज्ञावलीतील ‘प्रकार’ आणि त्यांची नोंद

दिनांक ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधील कुरू येथील तळावरून युरोपचा ‘आरियान-५’ हा नवा अग्निबाण प्रथमच झेपावला. सुमारे ४० सेकंदांतच तो मार्गावरून ढळला आणि आकाशातच नष्ट झाला. त्याच्यासोबत चार वैज्ञानिक उपग्रहही गेले. फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी मंडळाला या अपघाताचे मूळ सापडले ते संगणकाच्या आज्ञावलीत.

अग्निबाणाची दिशा व गती सांगणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावली ‘आरियान-४’ या आधीच्या अग्निबाणावरून घेतलेली होती. तीत एका ठिकाणी ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात असे. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या अग्निबाणाच्या उड्डाणात ही मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव नव्हता, म्हणून तेथे संरक्षणाची तरतूद न करण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला गेला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग मात्र पुष्कळ अधिक होता. संख्या मर्यादेबाहेर गेली आणि यंत्रणा बंद पडली. त्या निर्णयाचे कारण आज्ञावलीच्या मजकुरात कोठेही लिहिलेले नव्हते, कागदपत्रांच्या ढिगात ते तपासणाऱ्यांच्या नजरेआड राहिले होते, याकडेही मंडळाने लक्ष वेधले.

प्रकार म्हणजे काय?

संगणकाच्या दृष्टीने सारी माहिती ही केवळ शून्य आणि एक या अंकांची रांग असते. ती रांग संख्या समजावयाची, अक्षर समजावयाची की तारीख, हे आज्ञावलीने ठरवून द्यावे लागते. या ठरावालाच ‘प्रकार’ असे म्हणतात. एखाद्या माहितीत काय मावेल आणि तिच्यावर कोणती क्रिया करता येईल, या दोन्ही गोष्टी प्रकारावरून निश्चित होतात. दोन रकमांची बेरीज करता येते, दोन नावांची करता येत नाही.

नॉर्वेतील ओस्लो येथील संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगार्ड या शास्त्रज्ञांनी १९६७ साली ‘सिम्युला-६७’ ही भाषा सिद्ध केली आणि या कल्पनेला नवे वळण मिळाले. माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकत्र बांधून त्यांचा ‘वर्ग’ बनविण्याची पद्धत या भाषेने आणली. तिलाच पुढे वस्तुकेंद्री पद्धत असे नाव पडले. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात तयार झालेली ‘स्मॉलटॉक’, त्यानंतरची ‘सी प्लस प्लस’ आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेली ‘जावा’ या भाषा याच परंपरेतील होत.

एक साधे उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीसाठी आज्ञावली लिहावयाची आहे, असे समजू या. तीत ‘मालमत्ता’ हा एक वर्ग असेल. क्षेत्रफळ व खातेदाराचे नाव हे त्याचे गुणधर्म आणि ‘कर आकारणी’ ही त्याची क्रिया. ‘निवासी मालमत्ता’ आणि ‘व्यापारी मालमत्ता’ हे दोन वर्ग त्याचे वारस असतील. मूळ वर्गाचे गुणधर्म त्यांना आपोआप मिळतील, मात्र कर आकारण्याची रीत प्रत्येकाची वेगळी राहील.

पाहणी करणाऱ्या आज्ञावली

अशा आज्ञावली काही वर्षांतच लक्षावधी ओळींपर्यंत वाढतात. मूळ लेखक बदलतात आणि संपूर्ण रचना ध्यानात असणारी एकही व्यक्ती उरत नाही. म्हणून आज्ञावलींचीच पाहणी करणाऱ्या आज्ञावली निर्माण झाल्या. युरोपमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या ‘फामूस’ या प्रकल्पात स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाने अशा पाहणीसाठी ‘फामिक्स’ नावाचा नमुना तयार केला. ‘मूस’ हे पाहणीचे साधन त्याच्यावर आधारलेले आहे. आपल्याकडे पुणे येथे १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या संस्थेतही आज्ञावलींच्या विश्लेषणावर संशोधन झाले आहे.

येथे ‘नमुना’ हा शब्द महसुली दप्तरातील गावनमुन्याच्या अर्थाने घ्यावा. नमुन्यात ज्या गोष्टीसाठी रकाना आहे, तिचीच नोंद होते. ज्या गोष्टीला रकाना नाही, ती शिवारात असली तरी दप्तरात दिसत नाही. फामिक्सच्या नमुन्यात ‘प्रकार’ हे एक व्यापक सदर असून वर्ग, संख्येसारखे मूलभूत प्रकार आणि ठरावीक पर्यायांची यादी असलेले प्रकार अशी उपसदरे त्याखाली येतात. कोणता वर्ग कोणाचा वारस, कोणती क्रिया कोणत्या क्रियेला बोलावते आणि कोणता गुणधर्म कोठे वापरला जातो, यांच्याही स्वतंत्र नोंदी होतात.

भाषा बदलली की नमुनाही बदलावा लागतो. २००४ साली जावा भाषेत ‘मालमत्तांची यादी’ आणि ‘खातेदारांची यादी’ असे भेद प्रकारातच लिहिण्याची सोय झाली. ज्या साधनाच्या नमुन्यात केवळ ‘यादी’ एवढाच रकाना असेल, त्याला या दोन याद्यांतील फरक नोंदविता येत नाही.

नोंदीचा अर्थ लिहून ठेवण्याची गरज

नमुना कितीही चांगला असला, तरी त्यातील प्रत्येक रकान्याचा अर्थ स्पष्ट लिहिलेला नसेल तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. याची तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण रिकाम्या रकान्याचे. जावामध्ये माहितीचा प्रकार आधी जाहीर करावा लागत असे आणि आजही बहुतेक ठिकाणी तो लिहिला जातो. स्मॉलटॉकमध्ये तो लिहिलाच जात नाही. साहजिकच स्मॉलटॉकच्या आज्ञावलीची पाहणी करताना ‘जाहीर प्रकार’ हा रकाना रिकामा राहतो. हा पाहणीतील दोष नव्हे, भाषेची रीतच तशी आहे. ते लिहून ठेवले नाही तर वाचणारा नोंद अपुरी समजेल.

दुसरे उदाहरण बाहेरून आलेल्या वर्गांचे. घरपट्टीची आज्ञावली तारखेसाठी भाषेसोबत आलेला तयार वर्ग वापरते, पण त्या वर्गाचा मजकूर पाहणीत समाविष्ट नसतो. अशा वर्गाची फामिक्समध्ये नामधारी नोंद होते आणि तिच्यावर तशी खूणही असते. ती खूण दुर्लक्षिली, तर एकूण वर्गांची गणती फुगते आणि तारखेच्या वर्गात काहीच क्रिया नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘या मालमत्तेवर कर आकारा’ अशी आज्ञा असेल, तर प्रत्यक्षात निवासी मालमत्तेची रीत चालेल की व्यापारी, हे मजकूर वाचून नेहमीच सांगता येत नाही. ते समोर येणाऱ्या वस्तूवर अवलंबून असते. म्हणून फामिक्समध्ये अशा आज्ञेपुढे सर्व संभाव्य क्रियांची नावे ‘उमेदवार’ म्हणून नोंदविली जातात. उमेदवार म्हणजे निवडून आलेला नव्हे. हा भेद ज्याला माहीत नाही, तो व्यापारी कराची रीत बदलल्यास कोठे परिणाम होईल याचा अंदाज चुकवील, आणि त्या चुकीचा भुर्दंड खातेदाराला बसेल.

तात्पर्य, पाहणीच्या साधनाने दिलेला आकडा अथवा आलेख हा त्यामागील नमुन्याच्या अर्थाइतकाच विश्वसनीय असतो. नमुन्यात काय धरले, काय वगळले आणि का, हे साध्या भाषेत, शोधल्यास सापडेल अशा जागी लिहिलेले असले पाहिजे. कार्यालयासाठी अथवा शाळेसाठी आज्ञावली स्वीकारताना ती चालते की नाही एवढेच पाहून भागत नाही. तिच्यातील प्रकारांचे व त्यांच्या मर्यादांचे लेखी विवरण मागून घेणे आणि आज्ञावली बदलेल तसे ते अद्ययावत ठेवण्याचा आग्रह धरणे, हेही स्वीकारणाऱ्याचे कर्तव्य होय. कुरू येथील अपघातात निर्णयाचे कारण अस्तित्वात होते. ते योग्य जागी लिहिलेले असते, तर जुनी आज्ञावली नव्या अग्निबाणावर बसविण्यापूर्वी कोणाच्या तरी दृष्टीस पडण्याची संधी होती.