मक्याचे पान काय सांगते?

गेल्या खरिपात सातवीचा एक विद्यार्थी विज्ञानाच्या तासाला मक्याचे पान घेऊन आला. पान बुडाजवळचे, टोकापासून दोन्ही कडांनी करपलेले. मधली शीर मात्र हिरवी. घरी रोग समजून औषध फवारून झाले होते. आम्हीही आधी नत्र कमी पडले असे सांगून मोकळे झालो, आणि चुकलो. नत्र कमी पडले की पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेने आत शिरतो. कडा जळतात त्या बहुधा पालाश, म्हणजे पोटॅश, कमी पडल्याने. आमच्या शाळेतील अनेक मुलांच्या घरी मका असतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

पानांवरील सूक्ष्म छिद्रांची उघडझाप पालाशवर चालते. त्यामुळे पावसाने ओढ दिली तरी पीक तग धरते. पानात तयार झालेली साखर कणसापर्यंत पोचण्यासही ते लागते. ते कमी पडले तर कणसाचे टोक बोडके राहते, ताट पोकळ होते आणि वाऱ्यात पीक लोळते.

आता हिशेब पाहा. मक्याने जमिनीतून उचललेल्या पालाशचा साधारण चौथा हिस्साच दाण्यात जातो. बाकीचे ताटात आणि पानांत राहते. आपण कणसे बाजारात नेतो आणि वैरण गोठ्यात. म्हणजे बरेचसे पालाश घरीच असते! पण जनावराने खाल्लेल्या पालाशचा मोठा भाग शेणातून नव्हे, मूत्रातून बाहेर पडतो, आणि बहुतेक गोठ्यांत मूत्र नालीने वाहून जाते. उघड्या उकिरड्यावर पाऊस पडला की उरलेलेही धुपते. गोठ्यात पालापाचोळा, भुसा अंथरून तो रोज खड्ड्यात टाकला आणि खड्ड्यावर छप्पर केले, तर हे नुकसान पुष्कळ टळते. खर्च फारसा नाही, कष्ट मात्र आहेत.

चांगल्या शेणखताच्या एका टनात सुमारे 5 किलो पालाश असते. लाल पोटॅशच्या 50 किलोच्या पोत्यात 30 किलो. तेव्हा शेणखताने पोत्याची गरज संपते असे आम्ही म्हणणार नाही. पण पोटॅश जवळजवळ सगळे परदेशांतून येते. 2022 मध्ये पोत्याचा भाव 1700 रुपयांपर्यंत गेला, तेव्हा अनेकांनी ते घेणेच सोडले आणि स्वस्त युरियावर भागवले. नुसत्या युरियाने मका हिरवागार दिसतो, पण लोळतोही लवकर.

राहिले जिवाणू. जमिनीतील बहुतांश पालाश खनिजांत अडकलेले असते. मुळांना ते घेता येत नाही. काही जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून त्यातील थोडे मोकळे करतात. फ्रॅट्युरिया ऑरेंशिया हा त्यांपैकी एक. त्याची द्रवरूप जिवाणू खते बाजारात मिळतात. अझोस्पिरिलम हा दुसरा उपयोगी सोबती हवेतील नत्र पिकाला मिळवून देतो. त्याचे 250 ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून 10 किलो बियाण्यास चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

जिवाणू पालाश निर्माण करीत नाहीत, असलेलेच सोडवतात. बाटलीवरचा मजकूर काहीही म्हणो. बेळगावच्या पूर्वेकडील काळ्या रानात त्यांना सोडवण्याजोगे पुष्कळ सापडते. खानापूरकडील तांबड्या जांभ्या मातीत ते मुळातच कमी, म्हणून तिथे पोटॅश घालावेच लागते. शिवाय जिवाणूंनाही खायला लागते. शेणखताशिवाय कोरड्या, उघड्या मातीत ते टिकत नाहीत. म्हणून ते मुरलेल्या ओलसर शेणखतात मिसळून, मगच शेतात टाकलेले बरे.

किती पोटॅश घालायचे ते माती परीक्षणावरून ठरवावे. नमुना पेरणीपूर्वी, खत टाकण्याआधी घ्यावा. आणि पालकांनी जिवाणू वापरून पाहिले तर चार ओळी जिवाणूंशिवाय ठेवाव्यात. दोन्हीकडची दहा-दहा कणसे मुलांबरोबर शाळेत पाठवा. दाणे मोजण्याचे काम सातवीचा वर्ग करील.